उन्हाळी वादळं, तंबूचा मोडका पोल आणि उरलेले ९ दिवस: सल्ला हवाय

भटकभवानी

मंडळी, लांबलचक लिहिणारे, वेळ असेल तरच वाचा. आत्ता एका लॉन्ड्रीत बसलेय, समोरच्या ड्रायरमध्ये दोन स्लीपिंग बॅगा गरगर फिरतायत आणि नवरा शेजारच्या खुर्चीवर तोंड उघडं टाकून झोपलाय.

आम्ही दोघं २१ दिवसांच्या रोडट्रिपवर आहोत, १२ झाले, ९ उरलेत. ठरवताना सोप्पा हिशोब होता की गाडी आपली, तंबू आपला, दिवस मावळेल तिथे मुक्काम. उन्हाळाच तर आहे, थंडीची भानगड नाही, जाड पांघरुणं नकोत, काय होणारे? असं वाटलेलं.

चौथ्या रात्री उकाड्याने जीव काढला. खडीच्या जागेवर तंबू लावला होता, दिवसभर तापलेली खडी रात्री १२ पर्यंत खालून शेकत होती. पण ते चालून गेलं. खरी गंमत नवव्या रात्री. जागा निवडली मीच, मऊ हिरवं गवत, जराशी खोलगट, वारा लागत नाही म्हणून खूश. लांब क्षितिजावर ऐरणीसारखा मोठा ढग दिसत होता, त्याचे फोटोबिटो काढले, कसला भारी म्हणलं. रात्री पावणेदोनला वारा एकदम पडला. मग एक थंडगार झोत आला आणि दुसऱ्या मिनिटाला तंबूचं कापड माझ्या नाकाला टेकलेलं. कड्कन पोल गेला. नवऱ्याने दोन्ही हातांनी उरलेला पोल धरून ठेवला, मी बॅगा गोळा करतेय, तर खाली हात लावला की जमीन पाण्याच्या गादीसारखी डुचमळतेय. अर्ध्या तासाने गाडीत पळालो आणि पाचपर्यंत तसेच ओले बसून राहिलो.

पण मी लिहितेय ते त्या रात्रीबद्दल नाही. पुढचा मुक्काम आधीच बुक होता, ४३० किलोमीटरवर, म्हणून सातला निघालो. मी लगेच झोपले. अकराच्या सुमाराला खडखड आवाजाने जाग आली, गाडीची डावी चाकं रस्ता सोडून कडेच्या खडीवर गेलेली आणि नवरा डोळे उघडे ठेवून झोपलेला. काही झालं नाही. पण दोघांचे हात नंतर तासभर थरथरत होते.

तर आता काय करू? तंबू सांधून पुढे जायचं का, जागा कशी बघायची, उकाड्याचं काय, आणि मुख्य म्हणजे थांबायचं कधी हे ठरवायचं कसं?

रिकामटेकडा

ढगाचे फोटो टाका आधी. बाकी सल्ले द्यायला तज्ज्ञ येतीलच.

निवांत

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. उरलेले ९ दिवस रूम घ्या आणि तंबू डिकीत टाका. हौस म्हणून तंबू ठीक आहे, २१ दिवस म्हणजे हौस नाही, शिक्षा आहे.

भटकभवानी

निवांत, राग नाही हो. पण रोज रूम घ्यायची म्हणजे ट्रिपच आखडती घ्यावी लागेल. आणि खरं सांगू का, वाईट रात्री १२ पैकी दोनच होत्या. बाकीच्या दहा रात्रींसाठीच तर आलो होतो ना.

तणावा

भवानीताई, तुमच्या पोस्टमध्ये चार चुका दिसल्या, चारही मी स्वतः करून बसलोय त्यामुळे हक्काने सांगतो.

पहिली, खोलगट जागा. वारा लागत नाही तिथे पाणी लागतं. तंबू लावायच्या आधी उभं राहून एकच विचार करायचा, इथे बादलीभर पाणी ओतलं तर ते कुठे जाईल? आपल्याकडेच येणार असेल तर जागा बदला. गवत आजूबाजूपेक्षा जास्त हिरवं आणि मऊ आहे याचा अर्थच तिथे पाणी साचतं.

दुसरी, खाली प्लास्टिक होतं ना? आणि ते तंबूच्या बाहेर डोकावत होतं. तुम्ही लिहिलं नाहीये पण डुचमळतेय म्हणालात तिथेच कळलं. बाहेर आलेल्या कडेवर फ्लायवरून (तंबूवरचं बाहेरचं कापड) ओघळणारं पाणी पडतं आणि सरळ तंबूखाली जातं. खालचं कापड तंबूच्या तळापेक्षा सगळ्या बाजूंनी चार बोटं लहान पाहिजे. मोठं असेल तर कडा खाली आत दुमडा.

तिसरी, तणावे, म्हणजे तंबू ताणून जमिनीला बांधायचे दोर. फ्लायला मधल्या उंचीवर जे दोर बांधायचे लूप असतात ते ९० टक्के लोक वापरतच नाहीत (टक्के माझ्या मनाचे, कॅम्पसाइटवर फेरी मारा म्हणजे पटेल). वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे ताशी ३० किमीचा वारा ६० झाला तर धक्का दुप्पट नाही, चौपट. तो धक्का तणाव्यांनी जमिनीत न्यायचा असतो, तणावे नसले की सगळा पोलवर येतो, मग पोल बिचारा काय करणार. अजून एक, फ्लायच्या आतून बघा, पोलच्या रेषेत छोटे वेल्क्रोचे पट्टे असतात, ते पोलभोवती गुंडाळायचे. ते सुटे राहिले तर बाहेरचा तणावा नुसतं कापड ओढतो. खुंटी ठोकताना तिचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं हवं, दोर आणि खुंटी यांच्यात साधारण काटकोन. वाळू असेल तर खुंट्या विसरा, पिशवीत वाळू भरून ती आडवी पुरा आणि तिला दोर बांधा.

चौथी चूक ढगाचे फोटो काढत बसणं, त्यावर ढगोबा बोलतील.

जाता जाता, तुमचा फ्लाय नायलॉनचा असेल तर तो ओला झाला की सैल पडतो, कितीही ताणून बांधा. पाऊस सुरू होऊन अर्धा तास झाला की बाहेर जाऊन (वीज नसेल तरच) एकदा तणावे ओढून घ्या. पॉलिएस्टर फारसा सैल पडत नाही. रात्रभर फडफड ऐकून वैताग येतो ती बऱ्याचदा याच सैलपणाची.

खिळेमोळे

पोलचं सांगतो. तंबूच्या पिशवीत तळाशी बोटभर लांब धातूची नळी सापडते का बघा, लोकांना ती कशाची हेच माहीत नसतं. ती रिपेअर स्लीव्ह. मोडलेल्या जागेवर सरकवायची, तुटलेला भाग बरोबर मध्ये आला पाहिजे, दोन्ही टोकांना चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची. आधी फाटलेली धातूची टोकं पक्कडीने दाबून सरळ करा नाहीतर नळी जाणार नाही आणि कापड फाटेल. नळी नसेल तर जाड खुंटी फळीसारखी लावून टेप मारा, हात मोडल्यावर लावतात तशी. दिसायला कैच्या कै पण आठवडा निघतो. फायबर ग्लासचा पोल असेल तर उघड्या हाताने धरू नका, त्याच्या कुसळ्या निघता निघत नाहीत.

ढगोबा

आलो. आधी ओरडून घेतो. विजा चमकत असताना धातूचा पोल दोन्ही हातांनी धरून बसणं हे कृपया परत करू नका! तंबू विजेपासून काहीच वाचवत नाही. गाडीत अर्ध्या तासाने गेलात, पहिल्या मिनिटाला जायला हवं होतं, तंबू गेला तर गेला.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, ३ सेकंदाला १ किलोमीटर. ३० सेकंद म्हणजे १० किमी, तेवढ्यात आलं की गाडीत. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. खरं तर मोजायचीही गरज नाही, गडगडाट ऐकू येतोय म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात, वीज पावसाच्या पुढे १५ किमीवरही पडू शकते. गाडी सुरक्षित असते ती टायरच्या रबरामुळे नाही, धातूच्या पत्र्यामुळे, वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जाते. त्यामुळे कापडी टपाची गाडी उपयोगाची नाही. काचा बंद, आणि आतल्या धातूला किंवा चार्जिंगच्या वायरीला हात नको.

आता तुमचा ऐरणीसारखा ढग. तो नुसता दिसत होता, की त्याचं पसरलेलं टोक तुमच्या डोक्याकडे येत होतं? वरचा वारा ज्या दिशेला असतो तिकडे ते टोक ओढलं जातं, आणि वादळही साधारण तिकडेच सरकतं. टोक तुमच्या बाजूला वाढतंय म्हणजे तुम्हाला आमंत्रण आहे.

तुम्ही लिहिलंय वारा पडला आणि मग थंड झोत आला, हे अगदी पुस्तकी वर्णन आहे. ढगातून कोसळणारी गार हवा जमिनीवर आपटते आणि चहूबाजूंना पसरते, पावसाच्या कितीतरी आधी पोचते. संध्याकाळी वादळ आजूबाजूची हवा स्वतःकडे ओढत असतं, त्यामुळे तेव्हाचा वारा एका दिशेचा आणि नंतरचा झोत बऱ्याचदा बरोबर उलट्या दिशेचा. म्हणून संध्याकाळचा वारा बघून तंबूची पाठ फिरवलेले लोक रात्री तोंडावर आपटतात.

अवांतर: ही कोसळणारी हवा फार जोरात असली की तिला डाउनबर्स्ट म्हणतात. तो शोध वादळांचे अभ्यासक टेट्सुया फुजिता यांचा, टॉर्नेडो (गरगर फिरणारं सोंडेसारखं वादळ) मोजायची एफ स्केल ज्यांची तेच. १९४५ मध्ये त्यांनी अणुबॉम्बनंतरचं नागासाकी पाहिलेलं, स्फोटाखालची झाडं केंद्रापासून बाहेर ताऱ्यासारखी पडलेली. पुढे वादळानंतर जंगलात तशीच ताऱ्यासारखी पडलेली झाडं दिसली आणि १९७५ च्या न्यूयॉर्कमधल्या विमान अपघाताचा अभ्यास करताना त्यांनी ते जोडलं. बरीच वर्षं लोक मानायला तयार नव्हते. तंबूवाल्यांनी यातून एवढंच घ्यायचं की सरळ येणारा वारासुद्धा झाड पाडतो, टॉर्नेडोच लागतो असं नाही. तेव्हा सुकलेल्या फांद्यांखाली झोपू नका आणि एकट्या उंच झाडाखाली तर नाहीच.

आणि कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू नको. वर आकाश निरभ्र असलं तरी तीसेक किलोमीटरवर पडलेलं पाणी रात्रीत येतं. वाहतं पाणी १५ सेंटीमीटर असलं तरी माणसाचे पाय काढतं, ३० मध्ये छोटी गाडी तरंगायला लागते, ६० मध्ये बहुतेक सगळ्या.

रिकामटेकडा

म्हणजे मी फोटो मागितले ते बरोबरच होतं. ढगाचं टोक बघायला.

तणावा

ढगोबा, गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी लावून तंबू आडोशाला घ्यायचा हे मी नेहमी करतो, चांगला फरक पडतो. त्याबद्दल काही लिहिलं नाहीत?

ढगोबा

मुद्दामच नाही लिहिलं. एका दिशेचा वारा रात्रभर असेल तर ठीक, मोकळ्या किनाऱ्यावर वगैरे. वादळात दिशा पालटली की तीच गाडी काही कामाची नाही, उलट तिच्यावर आपटून वारा घुमायला लागतो आणि तंबू चारी बाजूंनी हलतो. त्यापेक्षा गाडी अशी लावा की तंबूच्या दारातून तिच्या दारापर्यंत दहा पावलांत जाता येईल. आडोशापेक्षा ते महत्त्वाचं.

तणावा

अर्धं पटलं. दहा पावलांचं पटलं.

दोन पोरांची आई

उकाड्याबद्दल कुणी बोललंच नाही, सगळे वादळावर तुटून पडले. आम्ही दोन पोरांना घेऊन तीन उन्हाळे असे काढलेत. खडी, डांबर, काँक्रीट यावर तंबू नको, माती किंवा गवत बघा, पण तणावा म्हणतात तसं बादलीचा हिशोब लावून. आम्ही फुगवायच्या गाद्या घरी ठेवल्या आणि घडीच्या खाटा घेतल्या. खालून हवा खेळते, फरक जमीन अस्मानाचा. तंबूच्या वर हातभर अंतर सोडून ताडपत्री बांधा, चिकटून नाही, मधली हवा वाहती पाहिजे. आणि सकाळची सावली आदल्या संध्याकाळीच बघून ठेवा. उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, उत्तरेकडे सरकलेला असतो, त्यामुळे पूर्वेचं झाड बघून लावलेल्या तंबूवर सहाला ऊन येतं आणि साडेसहाला सगळे घामाघूम होऊन बाहेर. हे कळायला मला एक अख्खा उन्हाळा लागला.

झोपताना सुती कापड ओलं करून मानेवर आणि मनगटावर, वर छोटा बॅटरीचा पंखा. हवा दमट असेल तर घाम वाळतच नाही, मग हे सगळे उपाय लंगडे पडतात, अशा रात्री सरळ रूम. यात कमीपणा नाही.

पाणी नुसतं पीत राहू नका, दिवसभर घाम गेला असेल तर मीठही गेलंय. १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा छोटा. चक्कर, मळमळ, डोकेदुखी इथपर्यंत असेल तर सावली, पाणी, आराम. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, गोंधळला, अंग भट्टीसारखं तापलं तर तो उष्माघात, ताबडतोब अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घाला. शुद्ध धड नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

स्टोव्हचे गॅस सिलिंडर बंद गाडीत उन्हात ठेवू नका, त्यांच्यावर बहुधा ५० अंशांची मर्यादा लिहिलेली असते आणि बंद गाडी त्याच्या वर सहज जाते. आणि पाऊस आला म्हणून तंबूच्या आत स्टोव्ह पेटवणं तर कधीच नको, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. गाडीत झोपून एसीसाठी रात्रभर इंजिन चालू ठेवणं पण त्याच यादीत.

झोपाळू घुबड

सगळे तंबूच सांधतायत. ताईंनी स्वतः लिहिलंय की मी त्या रात्रीबद्दल लिहीत नाहीये, ते कुणी वाचलं का?

ओल्या तंबूने तुम्हाला काही झालं नाही. ४३० किलोमीटरच्या बुकिंगने होणार होतं. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा वागतो आणि २४ तासांनी ०.१० टक्के, यावर व्यवस्थित प्रयोग झालेत. बऱ्याच देशांत ०.०५ ही गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा आहे. तुमचे यजमान रात्री पावणेदोनपासून जागे, म्हणजे झोप जेमतेम अर्धी. दारू पिऊन त्यांनी चावी मागितली असती तर दिली असती का? ताशी १०० ने गाडी सेकंदाला २८ मीटर जाते, चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटरच्या वर गाडी एकटी चालली.

खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी, यातलं काही टिकत नाही. कडेला सुरक्षित जागी थांबून १५ ते २० मिनिटं झोप, त्याआधी कॅफिन, म्हणजे उठेपर्यंत ते चढलेलं असतं, एवढंच थोडंफार चालतं, तेही दोनेक तास. त्याच्या पुढे फक्त खरी झोप.

माझा नियम असा आहे, लांब ट्रिपवर दर चार मुक्कामांमागे एक मुक्काम रिकामा. काही बुक नाही, काही बघायचं नाही. वादळी रात्र आली की तो रिकामा दिवस खर्च करायचा. तुमच्याकडे सोडायला एकही दिवस नव्हता म्हणून सातला निघालात.

निवांत

घुबडाशी १०० टक्के सहमत. मी रूम म्हणत होतो ते याचसाठी, पण नीट सांगता आलं नाही. रोज नको. वादळाच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, पहिल्या दिसेल त्या ठिकाणी.

भटकभवानी

घुबड, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. "चावी दिली असती का" ला तो गप्प बसला, मग म्हणाला मी सातला निघायला नको म्हणत होतो. म्हणत नव्हता. पण मीही झोपून गेले हे खरंय, शेजारी बसलेल्याने जागं राहायचं ही साधी गोष्ट.

प्लास्टिक खरंच फूटभर बाहेर होतं. मला वाटलेलं मोठं तेवढं चांगलं. वेल्क्रोचे पट्टे आत्ता बघितले, सात वर्षं तंबू वापरतोय आणि ते बॅगा अडकवायला असतात असं समजत होतो. नळी पण सापडली!

दोन बुकिंग रद्द केली. शेवटची दोन ठिकाणं गाळली.

रिकामटेकडा

सात वर्षं, हाहा. ओला तंबू वाळवला का मात्र? नाहीतर तिसऱ्या दिवशी तुम्हाला तो वासाने सापडेल.

तणावा

हो, हे राहिलंच. आतला आणि बाहेरचा भाग वेगळ्या पिशव्यांत भरा, ओला फ्लाय कोरड्या तंबूला लावू नका. दुपारी थांबाल तिथे गाडीवर वीस मिनिटं पसरला तरी पुरतं, पण तासन्‌तास कडक उन्हात नको, त्याने कापड कमकुवत होतं. आतून चिकट लागत असेल आणि आंबूस वास असेल तर कोटिंग गेलंय, मग तो कितीही वाळवा.

भटकभवानी (ट्रिपचा १६वा दिवस)

अपडेट. काल परत वादळ. यावेळी चारलाच थांबलो, उंचवट्यावर जागा घेतली, बादलीचा हिशोब केला (नवऱ्याने खरोखर बाटली ओतून बघितली, शेजारचे लोक बघत होते). सहाला ढगाचं टोक आमच्याकडेच वाढताना दिसलं तेव्हा झोपायचं सामान सरळ गाडीत टाकलं, जेवून आठलाच सीट मागे करून आडवे झालो. तंबू बाहेर रिकामा, सगळे तणावे बांधून. साडेदहाला आलं. गारा पण होत्या, टपावर असा आवाज की बोललेलं ऐकू येत नव्हतं. तंबू एका बाजूला झोपायचा आणि परत उठायचा, झोपायचा आणि उठायचा, आम्ही काचेतून बघत होतो. वाईट वाटत होतं खरं तर, आपलं कुणीतरी बाहेर राहिलंय असं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मोजला तोवर झोप लागून गेली होती.

सकाळी आत फक्त एका कोपऱ्यात वाटीभर पाणी. फ्लायला गारेचं एक भोक, चिकटपट्टी लावली. आणि आज कुठेही गेलो नाही, तो रिकामा दिवस खर्च केला. दुपारी तीन तास झोपलो दोघंही.

दोन पोरांची आई

वा! गाडीत मान अवघडली नाही का?

भटकभवानी

अवघडली. अजून वळत नाहीये डावीकडे. त्यामुळे उद्या गाडी तोच चालवणार.

खिळेमोळे

पोल?

भटकभवानी

टिकला. तुमच्या नळीच्या शेजारी दुसरीकडे जरा वाकलाय.

रिकामटेकडा

आणि ढगाचे फोटो?